मदर पेटवेंकडची कागदी बिऱ्हाडं

मदर ओझेला पेटवे गेल्या तेव्हा त्यांच्या घरात कागदोपत्री पाच-सहा बिऱ्हाडं नांदत होती. प्रत्यक्षात त्या एकट्याच राहायच्या. सोबतीला एक म्हातारं मांजर आणि खुंटीवर नवऱ्याच्या टोप्या.

घर साउथफील्डला, आमच्या शहराची हद्द संपते त्या एट माइल रोडच्या पलीकडे. पलीकडे म्हणजे फार लांब नव्हे. आमच्या बाजूच्या फुटपाथवर उभं राहिलं तर समोरच्या पंपावरचा पेट्रोलचा भाव वाचता येतो. पण गाडीच्या विम्याचा भाव त्या एका रस्त्यावर असा तुटतो की बघत राहावं. आमच्या बाजूचा, म्हणजे डेट्रॉइटचा पत्ता सांगितला की कंपनी जो हप्ता मागते तो ऐकून माणूस खुर्चीत बसला असेल तर बरं. पलीकडचा पत्ता सांगितला की निम्म्याहून कमी. गाडी तीच, माणूस तोच, त्याचं चालवणंही तेच. म्हणून आमच्याकडे लग्नाला कोट उसना मागावा तसा पत्ता उसना मागतात. पलीकडे कुणाची आत्या असते, कुणाची सोडून गेलेली बायको असते. भांडण असलं तरी तेवढ्यापुरतं बोलणं ठेवतात. ज्यांना पलीकडे कुणीच नव्हतं त्यांना मदर पेटवे होत्या.

चर्चमधल्या ज्या बाईपुढे पास्टरसुद्धा आवाज खाली घेतो तिला आम्ही मदर म्हणतो. ह्या मदरनी पत्त्याचं कधी काही घेतलं नाही. "देवानं मला चार खोल्या दिल्यात आणि माणसं उचलून नेली," म्हणायच्या. "नुसती नावं राहिली तर काय त्यांना जेवायला घालायला लागतंय?" रविवारी प्रार्थना संपली की त्या आपली जांभळी हॅट सावरत पर्स उघडायच्या आणि आठवड्याभरात आलेली विमा कंपन्यांची पाकिटं ज्याची त्याला वाटायच्या. प्रसाद दिल्यासारखी. माझा भाऊ डेल्मसही त्या रांगेत असायचा.

दफन झाल्यावर चर्चच्या तळघरात जेवण होतं. तळलेलं कोंबडं, मॅकरोनी-चीज, शिजवलेला पाला, पाउंड केक. सगळे खात होते आणि सगळ्यांचं लक्ष मदरच्या लेकीकडे होतं. लाव्होन एका कोपऱ्यात बूट काढून बसली होती. शेवटी कॉयरमधल्या एका बाईला राहवलं नाही.

"घराचं काय ठरवलंस गं, लाव्होन?"

"आईला मातीत ठेवून अजून माझे पाय गरम झाले नाहीत, सिस्टर."

"तसं नाही गं बाई. काळजी वाटली म्हणून विचारलं."

"कुणाची काळजी? घराची का पत्त्याची?"

हसू फुटलं. ज्यांच्या पाकिटात मदरचा पत्ता होता ते जरा जास्तच जोरात हसले. डेल्मस हसला नाही. तो ब्रदर ल्यूशसकडे बघत होता. ल्यूशस आधाराचा वॉकर पुढे ढकलत केकच्या टेबलाकडे निघाले होते, एकेक पाऊल आधी विचारून टाकल्यासारखं.

ल्यूशस हे मदरचे सगळ्यात जुने कागदी भाडेकरू. उन्हाळ्यात लाल दिव्यापाशी उभे असताना मागून एका ट्रकनं त्यांना ठोकलं. चूक त्या ट्रकवाल्याची, हे लहान मूलही सांगेल. पण आमच्या राज्याचा कायदा असा की चूक कुणाचीही असो, ज्याच्या त्याच्या औषधपाण्याचा खर्च ज्याची त्याची विमा कंपनी करणार. चांगला कायदा आहे, वाचायला. ल्यूशसच्या कंपनीनं इस्पितळाचे कागद हाती येताच एक माणूस साउथफील्डला धाडला. त्यानं मदरला काही विचारलंच नाही. शेजाऱ्यांना विचारलं, की इथं ल्यूशस नावाचे गृहस्थ कुठल्या खोलीत झोपतात? शेजारी म्हणाले, कोण ल्यूशस? मग कंपनीनं त्यांचे आजवरचे हप्ते परत पाठवून दिले, जणू हा माणूस कधी त्यांचा गिऱ्हाईक नव्हताच. ल्यूशसच्या खुब्याचं मोडलेलं हाड जसं जमेल तसं जुळलं.

"बसा की ब्रदर, मी आणतो केक," डेल्मस उठून म्हणाला.

"अरे, उभं राहू दे मला. डॉक्टर म्हणाले चाला. फुकटात तेवढंच सांगतात."

घरी आम्ही डेल्मसच्या गाडीतून आलो. आमचं घर दोन मजल्यांचं, खाली मी, वर तो आणि त्याचा मुलगा कीनन. कीननची आई अटलांटाला बहिणीकडे म्हणून गेली ती गेलीच. मी खाली कपडे शिवते, म्हणजे लोकांचे कपडे सैल करते, घट्ट करायचे फार कमी येतात. माझ्याकडे गाडी नाही. त्यामुळे मला खरं बोलणं परवडतं.

गाडी दारापाशी लावून त्यानं चावी काढली आणि तसाच बसून राहिला.

"ताई, मी खरा पत्ता देणार."

"कुणाला?"

"विम्याला. महिनाअखेर माझी पॉलिसी संपतेय. आता नवीन घ्यायची ती आपल्या घराच्या पत्त्यावर. तू ते सगळं वाचतेस ना? मला समजव, मग आपण दोघं जाऊन घेऊ."

मी त्याच्याकडे पाहिलं. चाळिशी ओलांडलेला माणूस, पण परीक्षेला निघाल्यासारखा दिसत होता. कारण मला ठाऊक होतं. बऱ्याच वर्षांनी त्याला पक्की नोकरी लागली होती. विमानतळापाशी गोदामात, दुपारची पाळी. सुटायची वेळ अशी की तेव्हा तिकडून एकही बस नाही. गाडी नाही तर नोकरी नाही, हे गोदामवाल्यांनी मुलाखतीतच सांगून टाकलं होतं. आणि बिनविम्याची गाडी चालवताना तो पूर्वी पकडला गेला होता, लायसन गेलं होतं, ते परत मिळवताना त्याची चांगलीच दमछाक झाली होती. त्याला आता हे एकदाच, नीट, ताठ मानेनं व्हायला हवं होतं. मला तर त्याच्याहून जास्त.

त्या आठवड्यात रोज जेवण झालं की आम्ही माझ्या शिवणाच्या टेबलावर बसायचो. राज्य सरकारची एक पुस्तिका मी वाचनालयातून आणली होती. तिच्या मुखपृष्ठावर एक कुटुंब गाडीला टेकून इतकं खूश उभं होतं की त्यांचा विमा दुसऱ्या कुणीतरी भरला असणार.

"तीन गोष्टी घ्याव्याच लागतात," मी म्हणाले. "त्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही. पहिली, आपलं आणि आपल्या माणसांचं औषधपाणी."

"चूक कुणाचीही असो."

"बरोबर. दुसरी, आपण कुणाचं कुंपण पाडलं, उभी गाडी ठोकली, तर त्याची भरपाई. तिसरी, आपल्यामुळे कुणी जायबंदी झालं आणि ते कोर्टात गेलं तर."

"आणि माझी स्वतःची गाडी मोडली तर?"

"ते वेगळं. ते सक्तीचं नाही."

"म्हणजे मी दुसऱ्याचं कुंपण नवं करून द्यायचं आणि माझी गाडी तशीच सोडून चालत घरी यायचं."

"तुझ्या गाडीला आता आणखी काय मोडायचंय?"

"तिला ऐकू येतं, ताई."

महाग पडते ती पहिली गोष्ट, औषधपाण्याची. पूर्वी आमच्याकडे ती अमर्याद घ्यावीच लागायची. मग कायदा बदलला आणि पायऱ्या आल्या. वरची पायरी अमर्याद, मग त्याखालच्या, आणि सगळ्यात खालची पायरी फक्त मेडिकेडवाल्यांना, म्हणजे ज्यांचं औषधपाणी सरकार बघतं अशा गरिबांना. मी बोट ठेवून वाचून दाखवलं. डेल्मसचा चेहरा उजळला.

"माझ्याकडे मेडिकेड आहे की! म्हणजे खालची पायरी माझी."

"तुझी आणि घरात राहणाऱ्या सगळ्यांची औषधपाण्याची सोय दाखवावी लागेल."

"कीननकडेही आहे. मग झालं तर!" त्यानं टेबलावर थाप मारली, टाचण्यांची डबी उडाली. "बघ, उगाच घाबरतो आपण. सरळ माणसाला सरळ रस्ता असतो."

मी टाचण्या वेचत राहिले. खालच्या बारीक अक्षरातलं मी त्या दिवशी वाचून दाखवलं नाही. म्हटलं, कुणी जाणकार आपल्याला सांगेल की मला नीट समजलेलं नाही.

सेव्हन माइलवर केसांच्या टोपांच्या दुकानाला लागून विम्याची कचेरी आहे. बंदुकीची गोळी अडवेल अशा जाड काचेमागे डार्नेटा बसते, माझं शिवणाचं जुनं गिऱ्हाईक. काचेला खाली एक खाच, त्यातून कागद जातात, आणि वर एक जाळी, तिच्यातून आवाज. आत तिच्या पायाशी हीटर. बाहेर आमच्यासाठी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. भिंतीवर मोठ्या अक्षरांत: सात दिवसांची पॉलिसी मिळेल.

ही सात दिवसांची आमच्या शहराची खासियत आहे. नंबरपाटीची मुदत वाढवायला विमा दाखवावा लागतो. लोक आठवड्यापुरता घेतात, पाटी घेतात, आणि मग उरलेलं वर्ष देवाच्या भरवशावर. आमच्या आधी जी पोरगी होती तिनं तोच घेतला आणि काचेतून कागद काढताना त्याला मुका दिला.

"बोल राजा," डार्नेटा म्हणाली. "तुलाही सातच?"

"नाही," डेल्मस म्हणाला. "मला खरा पाहिजे. सहा महिन्यांचा. डेट्रॉइटच्या पत्त्याचा."

डार्नेटानं चष्मा खाली करून त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "हे बरे आहेत ना?"

"बरा आहे," मी म्हणाले. "त्याला खरं सांगायचंय."

"अगं बाई. मग नीट बसा. मला जरा सवय नाही."

तिनं पत्ता घातला. नाव घातलं, लायसन घातलं, जुनी प्रकरणं घातली. लांब रंगवलेल्या नखांनी ती कळा दाबायची त्याचा पावसासारखा आवाज येत होता.

"घरात आणखी कोण?"

"मुलगा."

"वय?"

"तेवीस."

"गाडी चालवतो?"

"माझी नाही चालवत."

"मी विचारलं चालवतो का. लायसन आहे? काही धडक, काही दंड?"

डेल्मसनं सांगितलं. कीनननं दोनदा मित्रांच्या गाड्या ठोकल्या होत्या. डार्नेटाचे हात थांबले.

"हे बघ, मी तुला विचारतेय, तू नीट ऐकून उत्तर दे. हा मुलगा तुझ्याकडे राहतो, का येऊन-जाऊन असतो?"

तिचा प्रश्न मला समजला, त्यालाही समजला. इतकी वर्षं हा जिथं राहत नाही तिथं राहतो म्हणून सांगत आला. आता जो पोरगा ह्याच्याच घरात, पलीकडच्या खोलीत घोरतो, तो राहत नाही म्हणून सांगायचं.

"राहतो," डेल्मस म्हणाला. "माझ्या घरात राहतो. माझा मुलगा आहे तो."

"फार छान." डार्नेटानं उसासा टाकला. "मग त्याला नावानिशी वगळूया. म्हणजे त्यानं ही गाडी चालवली तर विमा नाही. सही कर. हप्ता थोडा उतरेल."

उतरला. तरी तिनं कागदावर आकडा लिहून खाचेतून सरकवला, मोठ्यानं सांगितला नाही. मी तो इथंही सांगत नाही. आमच्या घराच्या भाड्याशेजारी तो ठेवला असता तर भाडं लहान भावंडासारखं दिसलं असतं.

"हे खालच्या पायरीचं आहे ना?" डेल्मसनं विचारलं. "मेडिकेडची पायरी. माझ्याकडे कार्ड आहे."

"हे खालच्याच पायरीचं आहे, राजा."

त्यानं कार्ड परत खिशात घातलं. मग म्हणाला, "नोकरी लागतेय मला. सोमवारपासून. थोडं पोट आवळलं तर जमवीन."

डार्नेटानं जाळीजवळ तोंड आणलं. आवाज इतका हळू केला की मला पुढे वाकावं लागलं. "नोकरी कसली? पूर्ण वेळ?"

"पूर्ण. पक्की."

"मग मेडिकेड जाईल तुझं. पगार दिसला की जातं. आणि ते गेलं की ही पायरी तुझी नाही. वरची घ्यावी लागेल. मिस व्हर्नेल, तुम्ही त्याला सांगितलं नाही का?"

मी म्हणाले, मला वाटलं मला नीट कळलं नसेल.

"तुम्हाला नीटच कळलंय."

वरच्या पायरीचा आकडाही तिनं लिहिला. डेल्मसनं कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला, घडी केली आणि खाचेतून तिला परत दिला, तिचं काहीतरी विसरलं असल्यासारखा.

"थांब, मला नीट समजू दे," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, त्याचीच मला भीती वाटली. "नोकरीवर जायला गाडी पाहिजे. गाडीला विमा पाहिजे. विमा परवडायला मी गरीब पाहिजे. आणि गरीब राहायचं तर नोकरी नको."

"तू माझ्यापेक्षा चांगलं सांगतोस," डार्नेटा म्हणाली. "मी इथं बसून दिवसभर हेच सांगते आणि लोक मला शिव्या देतात. तू शिवी दिली नाहीस, त्याबद्दल थँक यू." मग तिनं ड्रॉवरमधून दोन पेपरमिंट काढून खाचेतून सरकवल्या. "दुसऱ्या कंपन्यांचेही बघते. पण वेडी आशा धरू नकोस."

तिनं खरंच बघितले. सगळे थोड्याफार फरकानं तेच होते.

त्या संध्याकाळी कीनन खाली आला. जिन्यात उभं राहून त्यानं सगळं ऐकलं असणार. आमचं घर असं आहे की वर कुणी विचार केला तरी खाली ऐकू येतो.

"पपा, मी बाहेर पडतो. मी इथं नसलो तर तुम्हाला स्वस्त पडेल."

"कुठे जाशील?"

"कुठेही. मित्र आहेत."

"कुठेही म्हणजे कुणाच्या तरी गाडीत झोपणार. मग त्या बिचाऱ्याच्या विम्यात तुझं नाव."

कीनन हसला, पण डोळे पुसत. डेल्मसनं त्याच्यासमोर ताट सरकवलं. "जेव. तू गेलास तरी उतरत नाही एवढं. तुझ्यामुळे नाही ते. कुठल्या रस्त्यावर राहतो त्याचं आहे."

मी म्हणाले, "लाव्होनकडे जाऊन येऊया का, हे मी म्हणणार नाही."

"तू म्हणू नकोस," डेल्मस म्हणाला. "मी म्हणतो."

लाव्होननं घर विकलं नव्हतं. आपलं भाड्याचं सोडून तीच राहायला आली होती. आम्ही गेलो तेव्हा ओट्यावर आईचं मांजर बसलं होतं आणि दारात छपरावाल्या कारागिराची शिडी. तिनं कॉफी केली. डेल्मस कपाला दोन्ही हात लावून बसला.

"मला ठाऊक आहे कशाला आलात," ती म्हणाली. "तुम्ही पहिले नाही. आई फुकट द्यायची. मी आई नाही. छप्पर वाकलंय, घराचा टॅक्स माझ्या नावावर आलाय. महिन्याला काहीतरी द्यावं लागेल."

"पत्त्याचं भाडं," मी म्हणाले.

"मिस व्हर्नेल, तुम्ही असं म्हटलं की मला माझ्या आईची बहीण बोलल्यासारखं वाटतं. हो, पत्त्याचं भाडं."

तिनं जे सांगितलं ते डार्नेटाच्या कागदापुढे काहीच नव्हतं. त्यात इकडचा स्वस्त हप्ता मिळवला तरी जमणारं होतं. डेल्मसनं मान डोलावली. मी त्याच्या बाहीला धरून त्याला व्हरांड्यात आणलं.

"ल्यूशसचं पाहिलंयस ना? हा विमा नाही रे. नुसता कागद आहे. उद्या तुला काही झालं तर ते एक माणूस पाठवतील, तो चार दारं ठोठावेल आणि सगळं रद्द. तू दर महिन्याला पैसे भरशील ते कशाचे?"

"पोलिसाला दाखवायचे."

"डेल्मस."

"ताई, पोलिस रोज रस्त्यावर असतो. अपघात कधीतरी होतो. माझ्याकडे एकाचेच पैसे आहेत. तूच सांग, कुणाची सोय करू?"

माझ्याकडे तीन गोष्टी आणि त्यांच्या सगळ्या पायऱ्या तोंडपाठ होत्या. त्यातली एकही त्याच्या प्रश्नाला पुरी पडत नव्हती.

आत आल्यावर लाव्होन म्हणाली, ल्यूशसच्या वेळी आईनं चूक केली, नुसतं नाव ठेवलं, माणूस ठेवला नाही. ह्या वेळी नीट करायचं. तिनं डेल्मसला मागची खोली दाखवली. मदर तिथं इस्त्री करायच्या. आता भिंतीशी एक अरुंद पलंग होता, त्यावर फुलाफुलांची रजई.

"ही तुमची खोली. मागच्या दाराचा रंग कोणता?"

"तपकिरी."

"हिरवा. बघून या. कचऱ्याची गाडी कधी येते?"

"मला काय ठाऊक?"

"गुरुवारी. लक्षात ठेवा. आणि डावीकडे तो पानं झाडतोय ना, त्याला येता-जाता हात करत जा. तुम्हाला ओळखायला हवा तो."

सोमवारी दुपारी कामावर जायच्या आधी डेल्मस परत तिकडे गेला. मीही बरोबर गेले, एक प्लास्टिकची पिशवी घेऊन. पिशवीत त्याचे जुने तपकिरी बूट, एक सदरा, दाढीचं सामान आणि माझ्याकडचा एक फोटो, आम्हा दोघांचा. बूट त्यानं पलंगाखाली ठेवले. मग काढले आणि वेडेवाकडे टाकले, पायातून नुकतेच काढल्यासारखे. सदरा मी खुर्चीच्या पाठीवर टाकला. दाढीचा ब्रश ओला केला. डार्नेटाच्या खाचेतून आलेला नवा कागद त्याच्या खिशात होता, त्यावर ह्याच घराचा नंबर.

"आता माणूस राहतो असं वाटतंय," लाव्होन दारातून म्हणाली.

"कसला माणूस? घोरतो की नाही?" डेल्मस म्हणाला.

"ते तुम्हीच सांगा."

तो पलंगावर बसला. गादी मऊ होती. मग रजईवर आडवा झाला, बूट घातलेले पाय काठाबाहेर ठेवून, आणि म्हणाला, "ताई, इथं आवाजच नाही गं." खरंच नव्हता. आमच्याकडे दिवसभर मोठ्या रस्त्याची घरघर असते. ती आपल्याला ऐकू येते हेसुद्धा आम्ही विसरून गेलेलो. इथं बाहेर एकच दाताळं पानांवरून फिरत होतं. खिडकीतून मॅपलचं झाड दिसत होतं, जवळपास उघडं झालेलं.

मी काहीतरी बोलायला वळले तर तो झोपला होता. नाटक नाही, खरा. तोंड थोडं उघडं, हात छातीवर, लहानपणी झोपायचा तसा. मी आणि लाव्होन दारात उभ्या राहिलो. ती म्हणाली, "झोपू द्या थोडं." मी म्हणाले, हो. दोघींपैकी कुणीही हललं नाही. माझ्या मनात आलं, आत्ता ह्या घटकेला तो इथं राहतो. आत्ता जर कुणी येऊन विचारलं, तर आम्ही खरं बोलू. पण ते आत्ता येणार नाहीत. ते नंतर येतील, तो इस्पितळात असेल तेव्हा.

मी त्याला उठवलं. "चल, पहिल्याच दिवशी उशीर नको."

तो दचकून उठला आणि क्षणभर त्याला आपण कुठे आहोत ते कळलं नाही. मग कळलं. त्यानं रजईवरच्या सुरकुत्या हातानं सारख्या केल्या, लाव्होन म्हणाली राहू द्या तशाच, तर त्यानं पुन्हा चुरगळल्या. बाहेर आला. मला सोडायला त्याला वेळ नव्हता. मी बसनं जाणार होते.

गाडी मागे घेताना त्यानं काच खाली केली आणि शेजाऱ्याला हात केला, मनापासून, अगदी वर्षानुवर्षांची ओळख असल्यासारखा. शेजारी दाताळ्यावर हात ठेवून उभा होता. त्यानं हात केला नाही. गाडी कोपऱ्यावर वळून एट माइलकडे दिसेनाशी होईपर्यंत तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं.

मीही हात केला. त्यानं मान खाली घालून पानं ओढायला सुरुवात केली.